अर्ज तिकडचा, आजार इकडचा

बडोद्यातील मराठी वस्तीत वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर एक वाक्य वारंवार पडत असते. रुग्णाची तपासणी आटोपते, निदान सांगून होते आणि निरोप घेता घेता नातेवाईक आवाज खाली आणून म्हणतात, "डॉक्टरसाहेब, अमेरिकेला इतक्यात कळवायचे नाही असे आमचे ठरले आहे. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे. कळले तर तो तडक निघून येईल आणि इतक्या वर्षांची तपश्चर्या फुकट जाईल." हे वाक्य मी दांडिया बाजारातील जुन्या घरांत ऐकले आहे आणि ओल्ड पादरा रोडवरील नव्या सदनिकांतही ऐकले आहे. बोलणारी कधी पत्नी असते, कधी धाकटा भाऊ, तर कधी स्वतः रुग्णच.

या वाक्यामागची माया मला समजते. आपल्या दुखण्याने मुलांच्या मार्गात अडथळा येऊ नये, हा आपल्याकडील आईवडिलांचा जुनाच स्वभाव आहे. परंतु ज्या भीतीपोटी आजार लपविला जातो ती भीती बहुतांशी निराधार आहे आणि तिची किंमत मात्र रुग्णाला व मुलाला, दोघांनाही मोजावी लागते. आपण डॉक्टर मंडळी काही तेथील वकील नव्हेत. तथापि ज्या समजुतीपायी आपल्या रुग्णाच्या उपचारांचे निर्णय अडून राहतात, तिचा खरेखोटेपणा जाणून घेणे हे आपल्या कामाच्या बाहेरचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय आपल्या मंडळाच्या किती सभासदांची मुले-मुली आज परदेशी आहेत, हे येथे सांगावयास नको.

मुळात हा प्रश्न आईवडिलांच्या उतारवयातच का उभा राहतो, हे आधी पाहावे. एम.बी.बी.एस. होऊन पंचविशीत अमेरिकेस गेलेला डॉक्टर प्रथम रेसिडेन्सी पूर्ण करतो. तो जे-१ व्हिसावर गेला असेल, तर त्यानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट त्याला लागू होते. ती माफ करून घेण्यासाठी बहुतेकजण डॉक्टरांची टंचाई असलेल्या एखाद्या भागात तीन वर्षे नोकरी करतात. १९९४ सालापासून चालत आलेल्या योजनेत प्रत्येक राज्याला आता अशा तीस जागा मिळतात. त्यापुढे ग्रीन कार्डाची रांग लागते. नोकरीच्या आधारावर दरवर्षी दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा सात टक्क्यांपुरता मर्यादित केलेला आहे. देश भारताएवढा मोठा असो वा एखाद्या बेटाएवढा लहान, मर्यादा तीच. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांना या रांगेत दहा-दहा वर्षांहून अधिक काळ तिष्ठत राहावे लागते. कार्ड हाती आल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करण्यासाठी आणखी पाच वर्षे जावी लागतात. अमेरिकन नागरिकाशी विवाह होऊन एकत्र राहत असल्यास तीन वर्षे पुरतात. हा सारा हिशेब मांडला, तर अर्ज दाखल होतो त्या वेळी अर्जदार पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतो आणि त्याचे आईवडील पंचाहत्तरीच्या आसपास असतात. खुब्याचे अस्थिभंग, पक्षाघात, हृदयविकार आणि कर्करोग यांचे हेच वय. म्हणजे तिकडील अर्ज आणि इकडील आजार यांची गाठ पडणे हा योगायोग नव्हे, तो त्या रांगेचाच परिणाम आहे.

आपल्याकडील गोंधळाचे पहिले कारण असे की, दोन निरनिराळे अर्ज एकच समजले जातात. अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज प्रलंबित असताना, बाहेर जाण्याची पूर्वपरवानगी न घेता देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असे सामान्यतः मानले जाते. एच-१बी किंवा एल-१ दर्जा कायम राखून असलेल्यांना यात सवलत आहे, परंतु इतरांसाठी हा धोका खरा आहे. नागरिकत्वाचा अर्ज ही मात्र निराळी गोष्ट आहे. तो करणारा मनुष्य ग्रीन कार्डधारक, म्हणजे तेथील कायम रहिवासी असतो. रहिवासी म्हणून त्याला बाहेर जाण्याचा व परत येण्याचा जो हक्क असतो, तो अर्ज केल्याने जात नाही. पहिल्या टप्प्यावर वर्षानुवर्षे सोसलेली धास्ती माणसाच्या मनात इतकी मुरते की दुसऱ्या टप्प्यावर तिचे कारण उरले नाही तरी ती उरते. आणि दूरध्वनीवरून तीच धास्ती येथील आईवडिलांच्या मनात उतरते. म्हणून "अर्ज चालू आहे" असे कोणी सांगितले की "कोणता अर्ज?" हा प्रश्न प्रथम विचारावा.

नागरिकत्वाच्या अर्जदाराकडून कायदा काय मागतो? अर्जाच्या तारखेपूर्वीच्या पाच वर्षांत किमान तीस महिने तो प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेला असावा लागतो. ही मोजणी अर्जाच्या दिवशी संपते. अर्ज केल्यानंतर आईच्या शस्त्रक्रियेसाठी तो महिनाभर बडोद्यास आला, तर त्या तीस महिन्यांतून एकही दिवस वजा होत नाही. दुसरी अट सलग वास्तव्याची आहे आणि ती मात्र शपथविधीच्या दिवसापर्यंत चालू राहते. एकाच प्रवासात सहा महिन्यांहून अधिक परंतु वर्षाहून कमी काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते. हे गृहीत पुराव्याने खोडून काढता येते. नोकरी सुटली नव्हती, पत्नी व मुले तेथेच होती, घर आपल्या ताब्यात होते, बाहेरदेशी दुसरी नोकरी धरली नव्हती, अशा गोष्टी त्यासाठी दाखवाव्या लागतात. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिल्यास मात्र वास्तव्य खंडितच होते. सहा महिने म्हणजे सुमारे १८० दिवस. आपल्याकडे अंत्यविधीपासून तेराव्यापर्यंत तेरा दिवस लागतात. त्याआधी महिनाभर रुग्णालयात सोबत केली आणि त्यानंतर महिनाभर मागे राहिलेल्या वडिलांची व्यवस्था लावली, तरी १८० दिवसांच्या निम्म्यापर्यंतही आपण पोहोचत नाही.

मग अर्ज अडतो तो कोठे? तो अडतो बोलावण्याच्या दिवशी अनुपस्थित राहिल्याने. बोटांचे ठसे, मुलाखत आणि शपथविधी असे हजेरीचे तीन प्रसंग येतात. ठसे देण्यास न कळवता गैरहजर राहिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते. मुलाखतीस न कळवता गेले नाही, तर प्रकरण बंद होते. ते पुन्हा उघडण्याची विनंती वर्षभराच्या आत करावी लागते. शपथविधीस सबळ कारणाविना एकाहून अधिक वेळा अनुपस्थित राहिल्यास नागरिक होण्याचा हेतूच सोडला, असे गृहीत धरतात. या तिन्ही ठिकाणी "न कळवता" आणि "सबळ कारणाविना" हे शब्द महत्त्वाचे आहेत. वेळीच लेखी कळवून तारीख पुढे मागता येते, आणि आई-वडिलांच्या गंभीर आजाराहून अधिक समजण्याजोगे कारण क्वचितच असेल. तारीख पुढे गेल्याने काही महिने लांबतील. काही महिने लांबणे वेगळे आणि सारे बुडणे वेगळे.

प्रवास लपविण्याचेही कारण नाही. चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळाचा प्रत्येक परदेशप्रवास अर्जात नोंदवावाच लागतो, अर्जानंतर झालेला प्रवास मुलाखतीत सांगावा लागतो, आणि मुलाखतीनंतर देशाबाहेर गेला होता काय, हा प्रश्न शपथविधीच्या वेळी भरावयाच्या कागदावर असतो. याचाच अर्थ असा की, अर्जदार मध्यंतरी प्रवास करील हे कायद्याने गृहीत धरलेले आहे. त्याला हवे असते ते खरे उत्तर. प्रवासाच्या वेळी ग्रीन कार्डाची मुदत संपली असल्यास काय, ही शंका येते. १२ डिसेंबर २०२२ पासून नागरिकत्वाच्या अर्जाच्या पोचपावतीनेच कार्डाची मुदत चोवीस महिन्यांनी वाढविण्याची सोय करण्यात आली. ती पावती मुदत संपलेल्या कार्डासोबत जवळ बाळगावी.

प्रवासाइतकाच स्थलांतराचा प्रश्नही घराघरांत चर्चिला जातो. अमेरिकेतल्या अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात जाणे हे डॉक्टरांच्या नोकरीत नित्याचे आहे. अर्ज करण्यापूर्वीचे तीन महिने अर्जदार त्या राज्याचा किंवा त्या विभागाचा रहिवासी असावा लागतो. अर्ज केल्यानंतर मात्र घर बदलण्यास मज्जाव नाही. नवा पत्ता दहा दिवसांच्या आत परराष्ट्रीयांच्या नोंदीत कळविणे कायद्याने बंधनकारक आहे आणि प्रलंबित अर्जावरही तो बदलून घ्यावा लागतो. पुढे प्रकरण नव्या पत्त्याच्या कार्यालयाकडे जाते व काही काळ लांबते. टपाल खात्याला पत्ता कळविला म्हणजे काम झाले, असे समजून पुष्कळजण फसतात. मुलाखतीचे पत्र जुन्या घरी पडून राहते आणि अर्जदार गैरहजर ठरतो. नागरिकत्वाचे अर्ज मायदेशी जाऊन आल्याने बुडत नाहीत. पण अशा न पोहोचलेल्या पत्रांनी ते खरोखर अडकतात.

आईवडिलांची सेवा करावयाची म्हणून वर्ष-दोन वर्षांसाठी बिऱ्हाडच इकडे हलविण्याचा विचार असेल, तर गोष्ट निराळी. येथे मी कोणालाही खोटा धीर देणार नाही. पुनःप्रवेशाचा परवाना दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण त्यासाठी अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. आणि तो परवाना ग्रीन कार्डाचे रक्षण करीत असला, तरी नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्याचे रक्षण करीत नाही. ते रक्षण करणारा जो वेगळा अर्ज आहे, तो अमेरिकन सरकार, मान्यताप्राप्त संशोधन संस्था, परदेशी व्यापार करणाऱ्या अमेरिकन कंपन्या किंवा धर्मसंस्था यांच्या कामासाठी बाहेर जाणाऱ्यांपुरता आहे. आईची शुश्रूषा हे काम त्यात बसत नाही. वर्षाहून अधिक काळ येथे राहणाऱ्याला परत गेल्यावर पुन्हा चारांहून अधिक वर्षे थांबून नव्याने अर्ज करावा लागतो. ही किंमत मोठी आहे. परंतु ती किंमत मोजावी की नाही, हे मुलाने ठरवावयाचे आहे; त्याला अंधारात ठेवून आपण ठरवावयाचे नाही.

इंग्लंडात असलेल्या आपल्या मुलांची स्थितीही पुष्कळशी अशीच आहे. तेथील नेहमीच्या पाच वर्षांच्या मार्गाने जाणाऱ्याची गैरहजेरी मोजली जाते ती अर्जाच्या तारखेच्या मागची. पाच वर्षांत ४५० दिवस आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० दिवस ही सर्वसाधारण मर्यादा असते. अर्ज केल्यानंतर ठसे देण्याची वेळ पाळली, की प्रवास करण्यास हरकत नसते. मंजुरी मिळाल्यावर मात्र नागरिकत्वाच्या समारंभासाठी तीन महिन्यांच्या आत तेथे हजर व्हावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, कायदा पुस्तकात असा असला तरी परक्या सरकारचा भरवसा कोणी द्यावा? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले आणि त्यानंतर आधी मिळालेली नागरिकत्वेही काढून घेण्यात आली. ज्यांचे नागरिकत्व असे गेले त्या वैष्णो दास बगाई यांना मायदेशी जाऊन येण्यासाठी अमेरिकन पासपोर्टही नाकारण्यात आला. त्यांनी १९२८ मध्ये आपले जीवन संपविले. भारतीयांना ते दार पुन्हा उघडले १९४६ च्या कायद्याने, आणि त्याच कायद्याने येणाऱ्या स्थलांतरितांवर वर्षाला शंभर जणांची मर्यादा घातली. वरिष्ठांच्या परवानगीवाचून परदेशी पाऊल टाकता येत नाही, हा अनुभव बडोद्यालाही आहे. संस्थानिकांनी सरकारच्या संमतीविना परदेशी जाऊ नये असे परिपत्रक लॉर्ड कर्झनने १९०० साली काढले, त्याचा जाच सर्वाधिक झालेल्यांत आपले सयाजीराव महाराज होते.

आजचा काळही सैल नाही. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी नागरिकशास्त्राची परीक्षा कठीण करण्यात आली आहे. १२८ प्रश्नांच्या संचातून वीसपर्यंत प्रश्न विचारतात आणि बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. अर्जदाराच्या शेजारी व नोकरीच्या ठिकाणी चौकशी करण्याची जुनी तरतूदही २०२५ मध्येच पुन्हा वापरात आणली गेली. ज्याच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे, अगदी मद्यपान करून वाहन चालविल्याचा का असेना, किंवा जो पूर्वी दीर्घकाळ बाहेर राहिला आहे, त्याने तेथील जाणत्या वकिलाला विचारल्याविना विमानात बसू नये. हे सर्व मान्य करूनही माझे म्हणणे टिकते. कारण यातील प्रत्येक धोका तपासून पाहता येण्याजोगा आहे, आणि तो तपासावयाचा तर आईच्या आजाराची बातमी आधी मुलापर्यंत पोहोचली पाहिजे. वकिलाला विचारावयास दोन दिवस लागतात. आपण ते दोन दिवसही त्याला देत नाही.

आता एका अशा अडचणीकडे लक्ष वेधतो, जिचा विचार फारसा कोणी करीत नाही. खरी कोंडी शपथेपूर्वी होत नाही, ती शपथेनंतरच्या काही आठवड्यांत होते. शपथेपूर्वी मुलाच्या खिशात भारतीय पासपोर्ट व ग्रीन कार्ड असते. त्याला भारतात येण्यास व्हिसा लागत नाही आणि परतण्यासही लागत नाही. शपथ घेतली की ग्रीन कार्ड तेथेच जमा होते. इकडे आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. हातातील भारतीय पासपोर्टवर पुढची तारीख छापलेली असली तरी तो वापरणे हा अपराध ठरतो. तो जमा करून दाखला घ्यावा लागतो. अमेरिकन पासपोर्ट अजून यावयाचा असतो. ओसीआय कार्ड तर त्याच्याही नंतरचे. २००५ साली सुरू झालेली ही सोय पुष्कळ उपयोगी असली, तरी ते दुहेरी नागरिकत्व नव्हे आणि ते हाती येण्यास वेळ लागतो. या मधल्या काळात येथे वडिलांना पक्षाघात झाला, तर मुलाला एकीकडे अमेरिकन पासपोर्ट तातडीने मिळविण्यासाठी आणि दुसरीकडे भारतीय वकिलातीकडून तातडीचा व्हिसा मिळविण्यासाठी धावाधाव करावी लागते. दोन्ही सोयी आहेत, जिवावरच्या आजारासाठीच आहेत. पण त्यात काही मोलाचे दिवस जातात. म्हणून एखाद्या वृद्ध रुग्णाची मोठी शस्त्रक्रिया ठरत असेल आणि मुलाचा शपथविधी जवळ आला असेल, तर "शपथ होऊन जाऊ दे, मग कळवू" हा सल्ला उलटा आहे. त्याने आधी यावे, किंवा शपथेची तारीख पुढे मागावी, किंवा शपथेनंतरचे कागद कसे मिळवावयाचे याची तजवीज आधीच करावी. यांपैकी काहीही करावयाचे, तर त्याला आजार ठाऊक हवा.

माझ्या परिचयातील दोन घरांचा अनुभव सांगतो. एका घरी वडिलांना अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. पत्नीने तीन आठवडे मुलीला काहीच कळविले नव्हते. मी व आमच्या शस्त्रक्रियातज्ज्ञ मित्राने रुग्णाशीच बोलून, त्यांच्या संमतीने कळवावयास लावले. मुलगी पाच आठवडे येऊन राहिली. मध्येच मुलाखतीचे पत्र आले. तिने आमचा दाखला जोडून तारीख पुढे मागितली, ती मिळाली, आणि वडील पहिल्या उपचारांतून सावरल्यावर ती परत जाऊन नागरिक झाली. दुसऱ्या घरी आईचे खुब्याचे हाड मोडले. तेथे उपचार करणारा मी नव्हतो. "पायाला थोडे लागले आहे" एवढेच मुलाला कळविण्यात आले. शस्त्रक्रिया झाली, छातीत संसर्ग झाला आणि नवव्या दिवशी ती माउली गेली. मुलगा पोहोचला तो अस्थी घ्यावयास. पंधरा दिवसांनी तो परतला, ठरल्या दिवशी त्याने मुलाखत दिली आणि अधिकाऱ्याने त्या प्रवासाबद्दल एक प्रश्न विचारून पान उलटले. ज्या अर्जाच्या रक्षणासाठी त्याला आईचे अखेरचे दर्शन नाकारले गेले, त्या अर्जाला या प्रवासाने काहीही झाले नाही. घरच्यांशी तो आजही बोलतो, पण पूर्वीसारखा नव्हे.

या बाबतीत आपण डॉक्टरांनी काय करावे? पहिली गोष्ट, रुग्ण शुद्धीवर व विचार करण्याच्या स्थितीत असेल, तर कोणाला कळवावयाचे हे त्यालाच विचारावे. गोपनीयता रुग्णाची आहे, नातेवाइकांची नव्हे. रुग्णाने स्वतःच नको म्हटले, तर त्याच्या पाठीमागे दूरध्वनी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु तो नको का म्हणतो, हे विचारण्याचा अधिकार आहे. आणि कारण हा अर्जच असेल, तर त्याची भीती दूर करणे हा उपचाराचाच भाग आहे. पुष्कळदा रुग्णाच्या मनात मुलाला भेटावे असेच असते आणि मुका ठराव दुसऱ्यांनीच केलेला असतो.

दुसरी गोष्ट, काळाचा अंदाज स्पष्ट शब्दांत द्यावा. "तसे गंभीर आहे, पण बघू" या वाक्यावर चौदा हजार किलोमीटरवरचा मुलगा काहीही ठरवू शकत नाही. "पुढचे दहा दिवस महत्त्वाचे आहेत," "शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकलण्यास हरकत नाही," "शुद्ध आहे तोवर बोलून घ्यावे," अशी वाक्ये त्याला उपयोगी पडतात. आपला अंदाज चुकू शकतो, हेही त्याला सांगावे. तो समजून घेतो.

तिसरी गोष्ट दाखल्याची, आणि ती मी सर्वांत महत्त्वाची मानतो. रुग्णाचे नाव, अर्जदाराशी नाते, निदान, दाखल केल्याची तारीख, अपेक्षित उपचार व कालावधी, आपली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक यांसह इंग्रजीत लिहिलेला एका पानाचा दाखला पुरेसा असतो. तो त्याच दिवशी द्यावा. पण त्यात एक शब्दही वाढवून लिहू नये. स्नेहापोटी "प्रकृती अत्यवस्थ" असे लिहून देण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती येथे घातक आहे. नागरिकत्वाच्या अर्जात अर्जदाराचे सदाचरण तपासले जाते आणि लाभासाठी शपथेवर दिलेली खोटी माहिती ही त्या कसोटीवर सर्वांत जड पडणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. प्रवासाने जो अर्ज बुडत नाही, तो आपल्या एका खोट्या ओळीने बुडू शकेल. आपल्या व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसारही असत्य दाखला देणे हे गैरवर्तनच आहे.

घरच्या मंडळींनीही काही गोष्टी आधीच कराव्यात. मुलाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे त्याला सरळ विचारावे. त्याच्या भारतीय पासपोर्टची मुदत उरली आहे ना, हे पाहण्यास सांगावे. आपल्या आजारांची व औषधांची यादी त्याच्याकडे असू द्यावी आणि आपल्याला काय झाले असता त्याने यावेसे वाटते, हे धडधाकट असतानाच त्याच्याशी बोलून ठेवावे. असे बोलणे अभद्र मानण्याची आपली रीत आहे. पण न बोलण्याचे परिणाम वर सांगितले आहेत.

आपले पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत पुण्याकडून, साताऱ्याकडून, कोकणातून येथे आले. गावी आई अंथरुणाला खिळल्याची बातमी त्यांना पत्राने पोहोचत असे, कधी पत्र येईपर्यंत सारे आटोपलेलेही असे. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आज बातमी एका क्षणात पोहोचते, मनुष्य दीड-दोन दिवसांत पोहोचतो, आणि कायदाही त्याला अडवीत नाही. अशा काळात बातमी थांबविणारे आपणच असू नये. मुलाला खरे सांगावे, त्याच्या अर्जाची काळजी त्याला व त्याच्या वकिलाला करू द्यावी, आणि येण्या-न येण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवावा. तो आला नाही, तरी तो त्याचा निर्णय असेल आणि त्याचे ओझे तो समजून उमजून वाहील. त्याला न विचारता आपण घेतलेल्या निर्णयाचे ओझे मात्र त्याच्या खांद्यावर ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.